विराम आणि वाक्य : इंग्रजी लिहिणाऱ्या मराठी विद्यार्थ्याच्या विरामचिन्हदोषांचा पूर्वेतिहास

१

प्रस्तुत लेखाचा विषय वरवर पाहता क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. शुद्धलेखन, शब्दसंपत्ती, वाक्यरचना असे भारदस्त विषय सोडून स्वल्पविरामासारख्या चिमुकल्या चिन्हाची चर्चा कशासाठी, असा प्रश्न कोणीही विचारील. परंतु इंग्रजीच्या वह्या तपासणाऱ्या शिक्षकाला हा प्रश्न पडणार नाही. त्याची तांबडी शाई ज्या ठिकाणी सर्वांत अधिक खर्च होते, त्यांपैकी विरामचिन्हे हे एक ठिकाण होय. आणि ज्या चुकीचे कारण तो क्वचितच विचारतो, तीही हीच. विरामचिन्ह चुकले की विद्यार्थी निष्काळजी आहे, असा निर्णय आपण सहजगत्या देऊन मोकळे होतो. हा निर्णय पुष्कळ वेळा अन्यायाचा असतो, आणि त्याचे कारण भाषेच्या इतिहासात सापडते, असे मला दाखवावयाचे आहे.

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर लोणी काळभोर हे गाव आहे. तेथील व आसपासच्या वाड्यावस्त्यांवरील काही विद्यार्थ्यांच्या इंग्रजी वह्या पाहण्याचा प्रसंग मला आला. विद्यार्थी बहुतेक शेतकरी घरांतील, शिक्षण आरंभापासून मराठी माध्यमातून झालेले. एका विद्यार्थिनीने आपल्या गावाविषयी निबंध लिहिला होता. त्यात एक वाक्य असे होते : ‘द फार्मर्स हू लिव्ह निअर द कॅनॉल, डू नॉट वॉन्ट टू सेल देअर लँड.’ कालव्याकाठच्या शेतकऱ्यांना जमीन विकावयाची नाही, हा तिचा आशय अगदी स्पष्ट होता. परंतु कर्ता आणि क्रियापद ह्यांच्यामध्ये स्वल्पविराम आला होता, आणि मी रीतीप्रमाणे त्याभोवती वर्तुळ काढले. पुढच्या वाक्यातही तसेच वर्तुळ काढावे लागले. वही परत देताना मी कारण विचारले, तेव्हा ती म्हणाली, “सर, तिथं आपण थांबतोच की. थांबायचं तिथं स्वल्पविराम द्यायचा, असं आम्हाला शिकवलंय.”

ह्या उत्तराने मी विचारात पडलो. तिला नियम ठाऊक नव्हता असे नाही. तिला नियम ठाऊक होता, आणि तिने तो काटेकोरपणे पाळला होता. मात्र तो नियम आज इंग्रजीत चालत नाही. मग तो आला कोठून?

२

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी मराठी लेखनाची जुनी रीत ध्यानात घेतली पाहिजे. त्याच विद्यार्थिनीने पुढे मला घरातील एका जुन्या मोडी वाटपपत्राची छायाप्रत दाखविली. ज्यांनी मोडी कागद हाताळले आहेत त्यांना त्याचे स्वरूप निराळे सांगावयास नको. प्रथम पानभर आडवी रेघ ओढावयाची आणि मग त्या रेघेला अक्षरे टांगीत, लेखणी शक्य तितकी न उचलता, लिहीत जावयाचे. दोन शब्दांत जागा सोडलेली नसते. मग दोन वाक्यांत चिन्ह कोठून असणार? पोथ्यांतून ओवी, अभंग वा श्लोक ह्यांच्या चरणान्ती एक दंड किंवा दोन दंड येत, हे खरे. परंतु ती पद्याची व्यवस्था होती. दप्तरातील गद्य तिच्याविना चालत असे.

आणि ते उत्तम चालत असे, हे येथे विसरता कामा नये. राज्याचा कारभार, वतनांचे निवाडे, सावकारीचे हिशेब आणि युद्धाच्या बातम्या ह्या सर्वांचे वहन त्या चिन्हहीन गद्याने केले. ह्याचे कारण असे की, चिन्हांचे काम मराठीत शब्दच करीत होते. पत्राचा मायना संपून मजकूर सुरू होतो तो ‘विनंती उपरि’ ह्या शब्दांनी. मजकूर संपला हे ‘बहुत काय लिहिणे’ किंवा ‘जाणिजे’ सांगते. राजपत्राच्या शेवटी ‘लेखनसीमा’ आणि ‘मोर्तब सूद’ आले की त्यापुढे कोणाला काही घुसडता येत नाही. पूर्णविरामाहून हा बंदोबस्त अधिक पक्का म्हटला पाहिजे. ठिकाण सांगताना ‘मौजे’, ‘तर्फ’, ‘प्रांत’ हे शब्द गावाला तर्फेपासून आणि तर्फेला प्रांतापासून वेगळे करतात. आज इंग्रजीत पत्ता लिहिताना आपला विद्यार्थी ‘अ‍ॅट पोस्ट लोणी काळभोर तालुका हवेली डिस्ट्रिक्ट पुणे’ असे एका दमात लिहितो आणि शिक्षक त्यात तीन-चार स्वल्पविराम पेरतो. विद्यार्थ्याने गाळले असे काही नाही. ‘तालुका’ आणि ‘डिस्ट्रिक्ट’ ह्या शब्दांनी विभागणी झालीच आहे, असे त्याची परंपरा त्याला सांगते.

केवळ दप्तरी भाषेपुरतीच ही गोष्ट नाही. मराठीच्या व्याकरणातच अशी सोय आहे. प्रश्न विचारावयाचा तर ‘का’, ‘काय’, ‘ना’ हे शब्द वाक्यात येतात. प्रश्नचिन्ह काढून टाकले तरी लिहिलेला प्रश्न प्रश्नच राहतो. दुसऱ्याचे बोलणे सांगावयाचे तर त्याच्या अखेरीस ‘असे’ किंवा ‘म्हणून’ येते आणि अवतरण तेथे मिटते. अथवा आरंभी ‘की’ येते आणि पुढे मूळ बोलणे जसेच्या तसे ठेवता येते. ‘तो म्हणाला की मी उद्या येतो’ ह्या वाक्यातील ‘मी’ म्हणजे बोलणारा ‘तो’, हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. हाच विद्यार्थी इंग्रजीत ‘ही सेड दॅट आय अ‍ॅम कमिंग टुमॉरो’ असे लिहितो, तेव्हा येणारी व्यक्ती बदलते आणि अर्थाचा अनर्थ होतो. त्याच्या दृष्टीने ‘दॅट’ म्हणजे ‘की’, आणि ‘की’ म्हणजे उघडणारे अवतरणचिन्ह. हा दोष शिक्षक काळ किंवा सर्वनाम ह्या सदरात टाकतो. वस्तुतः तो विरामचिन्हांचाही दोष आहे. एका भाषेत जे काम शब्द करतो ते दुसरीत चिन्ह करते, हे त्या विद्यार्थ्याला कोणी सांगितलेले नसते.

३

मराठीत विरामचिन्हे आली ती मुद्रणाबरोबर आणि इंग्रजी शिक्षणाबरोबर. १८०५ साली श्रीरामपूर येथून विल्यम कॅरी ह्यांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले. मोडीचे खिळेही तेथेच पाडण्यात आले. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढले. त्यात इंग्रजी आणि मराठी मजकूर एकाच पानावर शेजारशेजारच्या रकान्यांत येत असे, आणि दोन भाषांची वाक्ये अशी रोजच्या व्यवहारात एकमेकींसमोर उभी राहिली. १८३६ मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण आले.

परंतु विरामचिन्हांच्या बाबतीत मराठीचे ऋण विशेषेकरून आहे ते मेजर थॉमस कँडी ह्यांचे. लष्करी नोकरीसाठी हिंदुस्थानात आलेला हा गृहस्थ मोल्सवर्थच्या कोशकार्यात गुंतला. १८३१ साली मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश निघाला, आणि १८४७ साली कँडी ह्यांचा इंग्रजी-मराठी कोश. पुण्याच्या विश्रामबाग वाड्यात १८२१ साली स्थापन झालेल्या पाठशाळेची व्यवस्था पुढे त्यांच्याकडे आली. सरकारी भाषांतरांची आणि शालेय पुस्तकांची मराठी तपासण्याचे काम त्यांनी अनेक वर्षे केले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्यांनी विरामचिन्हांच्या परिभाषेवर मराठीत स्वतंत्र पुस्तिका लिहिली. १८७७ साली ते वारले, त्या वेळी निबंधमाला सुरू होऊन तीन वर्षे झाली होती. चिपळूणकरांचे लांब, पल्लेदार वाक्य स्वल्पविराम आणि अर्धविराम ह्यांच्याशिवाय उभेच राहिले नसते.

येथे एका तपशिलाकडे लक्ष वेधले पाहिजे. मराठीने पूर्णविरामासाठी इंग्रजी टिंब घेतले, तर हिंदीने दंड राखला. म्हणजे चिन्हांची आकृती आपण बव्हंशी जशीच्या तशी उचलली. मात्र नावे आपली दिली : स्वल्पविराम, अर्धविराम, अपूर्णविराम, पूर्णविराम. ह्या सर्व नावांच्या मुळाशी ‘विराम’ हा शब्द आहे. संस्कृत व्याकरणात विराम म्हणजे उच्चाराचे थांबणे, वर्णांची समाप्ती; पाणिनीनेही ह्याच अर्थाने तो योजिला आहे. तेव्हा ह्या नावांतच एक सिद्धान्त बसलेला आहे. चिन्ह म्हणजे थांबा. थांबा लहान असेल तर चिन्ह लहान, मोठा असेल तर मोठे. शाळेत मोठ्याने वाचताना स्वल्पविरामाला एक म्हणण्याइतके आणि पूर्णविरामाला त्याहून अधिक थांबावयाचे, ही शिकवण आपल्यांपैकी पुष्कळांना आठवत असेल.

४

हा सिद्धान्त आपण चुकीचा बसविला काय? मुळीच नाही. ज्या काळी तो मराठीत आला, त्या काळी तो इंग्रजीचाही सिद्धान्त होता.

युरोपातील विरामचिन्हांचा उगमच मुळी वाचनाच्या थांब्यातून झाला. इसवी सनापूर्वी २०० च्या सुमारास अलेक्झांड्रिया येथील बायझँटियमच्या अ‍ॅरिस्टोफनीसने ओळीच्या वर, मध्ये आणि खाली टिंब देण्याची जी पद्धत सुचविली, तिचा हेतू विरामाचे लहानमोठेपण दाखविण्याचा होता. त्या काळी ग्रीक लेखन मोडीप्रमाणेच शब्द न तोडता होत असे. लॅटिन लेखनात शब्दांमध्ये नियमाने जागा सोडण्याची रीत सातव्या-आठव्या शतकांत आयर्लंडच्या मठवासीयांनी रुळविली. अर्धविरामाचे चिन्ह पंधराव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिस येथे आल्डस मॅन्युशिअसच्या छापखान्यात प्रथम छापले गेले. आणि १७९५ साली निघालेल्या लिंडली मरेच्या इंग्रजी व्याकरणात, जे पुढे कित्येक दशके शाळाशाळांतून चालले, असे सांगितले आहे की स्वल्पविराम हा सर्वांत लहान थांबा, अर्धविराम त्याच्या दुप्पट, अपूर्णविराम अर्धविरामाच्या दुप्पट आणि पूर्णविराम त्याच्याही दुप्पट. म्हणजे १, २, ४, ८ असे हे प्रमाण होते.

ह्या नियमाने लिहिणाऱ्या लोकांना लांब कर्त्यानंतर स्वल्पविराम देण्यात काही गैर वाटत नसे. १७९१ साली अमलात आलेल्या अमेरिकन राज्यघटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीत, शस्त्रे बाळगण्याच्या हक्काचा जेथे उल्लेख आहे, तेथे लांबलचक कर्ता आणि क्रियापद ह्यांच्यामध्ये असाच एक स्वल्पविराम आहे. तेथील कायदेपंडित त्या वाक्यातील स्वल्पविरामांवर आजही वाद घालतात. लोणी काळभोरच्या त्या विद्यार्थिनीने ज्या जागी चिन्ह दिले, त्याच व्याकरणिक जागी अमेरिकेच्या घटनाकारांनीही दिले होते, असे म्हणावयास हरकत नाही.

पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्रजी वाचनाची रीत पालटत गेली. छापील मजकूर मोठ्याने वाचण्याऐवजी मनात वाचण्याचे प्रमाण वाढले आणि चिन्हांचा संबंध श्वासाशी कमी, वाक्याच्या रचनेशी अधिक जुळू लागला. १९०६ साली फाउलर बंधूंनी ‘द किंग्ज इंग्लिश’ ह्या ग्रंथात विरामचिन्हांना स्वतंत्र प्रकरण दिले, तोवर ही दृष्टी बरीच स्थिरावली होती. कर्ता कितीही लांब असो, त्याला क्रियापदापासून एकट्या स्वल्पविरामाने तोडू नये. दोन स्वतंत्र वाक्ये उभयान्वयी अव्ययावाचून नुसत्या स्वल्पविरामाने जोडू नयेत. हे नियम व्याकरणाचे आहेत, उच्चाराचे नव्हेत.

माझ्या विवेचनाचा मुख्य मुद्दा तो हाच. मराठीने चिन्हे घेतली ती इंग्रजीच्या एका विशिष्ट अवस्थेतून, आणि त्या अवस्थेचा सिद्धान्त आपल्या परिभाषेत कायम केला. इंग्रजी पुढे गेली. आपली परिभाषा आहे तेथेच राहिली. आजचा मराठी विद्यार्थी स्वल्पविराम हे नाव ऐकतो, त्याचा अर्थ समजून घेतो आणि त्याप्रमाणे वागतो. त्याची चूक ही एका जुन्या नियमाचे पालन आहे.

५

ही गोष्ट मराठीपुरतीच आहे काय, हे पडताळून पाहण्यासाठी अशी एखादी भाषा घ्यावयास हवी की, जिचा इंग्रजीशी वंशसंबंध नाही आणि जिने ही चिन्हे बाहेरून, जाणूनबुजून स्वीकारली. चिनी भाषेचे उदाहरण ह्या दृष्टीने फार उद्बोधक आहे.

जुने चिनी ग्रंथ बहुधा चिन्हांविना लिहिले व छापले जात. वाक्य कोठे संपते आणि मध्येच कोठे थांबावयाचे, ह्यांना ‘ज्यू’ आणि ‘दोउ’ अशी नावे होती, आणि ती ठिकाणे ओळखता येणे हाच विद्यार्थ्याच्या शिक्षणाचा पहिला टप्पा समजला जाई. वाचक स्वतः पुस्तकावर लाल शाईने टिंबे आणि वर्तुळे देत जाई. वाक्यान्ती येणारी ‘ये’, ‘हू’ ह्यांसारखी अव्यये विधान की प्रश्न हे सांगत, जसे आपले ‘का’ आणि ‘ना’ सांगतात. १९१९ साली हू शिह, छ्यान श्वान्तुंग, चौ त्सोरन आदी सहा विद्वानांनी नवी चिन्हे स्वीकारण्याचा प्रस्ताव सरकारपुढे ठेवला आणि फेब्रुवारी १९२० मध्ये तेथील शिक्षणखात्याने ती लागू केली. साम्यवादी राजवटीत १९५१ साली त्यांचे नियम पुन्हा ठरविण्यात आले.

पाश्चात्त्य चिन्हे घेताना चिनी भाषेने त्यांना आपल्या घरच्या रीतीला लावून घेतले. पूर्णविराम म्हणजे टिंब नव्हे, लहानसे पोकळ वर्तुळ. यादीतील शब्दांमध्ये द्यावयाचे एक निराळेच चिन्ह आहे. स्वल्पविराम तेथे चालत नाही. ग्रंथाचे नाव दुहेरी कोनी कंसांत येते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, स्वल्पविराम, पूर्णविराम इत्यादी चिन्हांचे कार्य वाचनातील थांबा व स्वर दाखविणे हे आहे, असे तेथील नियमच सांगतात. लांब कर्त्यानंतर स्वल्पविराम देण्याची तेथे मुभा आहे. एका विषयाशी निगडित अशी चार-पाच छोटी विधाने स्वल्पविरामांनी एकामागून एक गुंफावयाची आणि विषय पुरा झाला की मगच वर्तुळ काढावयाचे, हे उत्तम चिनी गद्याचे लक्षण आहे.

हाच चिनी विद्यार्थी इंग्रजी लिहू लागला की काय होते, हे आता सांगावयास नको. ‘इट वॉज रेनिंग, वी स्टेड अ‍ॅट होम’ असे वाक्य तो निःशंकपणे लिहितो. चीनमध्ये इंग्रजी शिकविणाऱ्यांना हा दोष फार परिचयाचा आहे. आणि आपला विद्यार्थी? ‘पाऊस आला, कालवा भरला, मोटारी बंद केल्या’ हे निर्दोष मराठी आहे. ते इंग्रजीत उतरविताना तो तीन वाक्यांत तसेच दोन स्वल्पविराम ठेवतो. दोघांचा दोष एकच असला तरी वाट थोडी निराळी आहे. चिनी क्रियापदाला काळाचा व पुरुषाचा प्रत्यय नसतो, त्यामुळे वाक्य कोठे पुरे झाले हे रूपावरून कळत नाही. मराठी क्रियापद पूर्ण विकारी आहे; मात्र ‘आणि’ न घालता विधाने जोडण्यास आपली भाषा हरकत घेत नाही. व्याकरणे इतकी भिन्न असूनही दोष सारखा यावा, ह्याचे कारण दोघांच्या समाईक इतिहासात शोधावे लागते : दोघांनीही चिन्ह बाहेरून घेतले, आणि दोघांनीही त्याला थांब्याचा अर्थ दिला.

६

ह्या उपपत्तीची मर्यादाही सांगितली पाहिजे. स्वल्पविरामाने वाक्ये सांधण्याचा दोष खुद्द इंग्लंड-अमेरिकेतील शाळकरी मुलेही करतात. त्यांच्या बाबतीत मातृभाषेच्या इतिहासाचा प्रश्नच नाही. शिवाय निव्वळ घाईने झालेल्या चुका प्रत्येक वहीत असतातच. तेव्हा सर्वच विरामचिन्हदोषांचे खापर इतिहासावर फोडणे योग्य होणार नाही. परंतु घाईची चूक आणि समजून केलेली चूक ह्यांत फरक आहे. पहिली एकदा होते, एकदा होत नाही. दुसरी दर वेळी त्याच जागी होते, आणि विचारले असता विद्यार्थी तिचे कारण सांगू शकतो. जिचे कारण विद्यार्थी सांगू शकतो, त्या चुकीला निष्काळजीपणा म्हणणे शास्त्रीय दृष्ट्या चुकीचे आहे. व्यवहारतः ते हानिकारकही आहे. कारण आपण पाळलेल्या नियमाबद्दलच गुण कापले जातात असे दिसले की विद्यार्थ्याचा नियमांवरचा विश्वास उडतो, आणि मग तो चिन्हे अंदाजाने पेरू लागतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजीविषयी जो धसका वाटतो, त्यात ह्या न समजलेल्या वर्तुळांचाही वाटा असावा, असे मला वाटते.

उपाय अवघड नाही. इंग्रजी विरामचिन्हे शिकविताना प्रथम मराठी वाक्य फळ्यावर लिहावे आणि त्यात कोणते काम शब्द करतो, कोणते चिन्ह करते, हे विद्यार्थ्यांकडूनच काढून घ्यावे. ‘की’ आणि ‘दॅट’ ह्यांतील भेद सर्वनामाच्या पाठात न ठेवता अवतरणचिन्हाच्या पाठात ठेवावा. आणि स्वल्पविराम हे नाव सांगताना स्पष्टपणे सांगावे की, हे नाव ज्या काळी पडले त्या काळी ते इंग्रजीलाही लागू होते. आज इंग्रजीत ते चिन्ह थांबा दाखवीत नाही, वाक्याचे सांधे दाखविते. ह्याला फार तर दोन तासिका लागतील.

मी त्या विद्यार्थिनीला हे सर्व सांगितले. थोडा वेळ विचार करून ती म्हणाली, “म्हणजे सर, माझं वाक्य दोनशे वर्षांपूर्वी बरोबर होतं.” मी होय म्हणालो. वर्तुळ मी खोडले नाही, कारण आजच्या इंग्रजीत ते चिन्ह तेथे चालत नाही. पण शेजारी समासात ‘जुना नियम’ असे दोन शब्द लिहिले. तिच्या पुढच्या निबंधात लांब कर्ते पुष्कळ होते. त्यांच्यापुढे स्वल्पविराम एकही नव्हता.